टाकी धुण्याचा दिवस

आमच्या गावची पाण्याची टाकी आता पाडणार आहेत. पाडली तरी कुणाचं काही अडायचं नाही. नवी योजना झाल्यापासून तिच्यात थेंबभर पाणी नाही, नुसती कबुतरं. पण मी लग्न होऊन आले तेव्हा तिचा थाट काय वर्णावा! त्याआधी बायका गावाबाहेरच्या विहिरीवरून पाणी वाहत. टाकी झाली, घराघरात नळ आले आणि टाकीचे ऑपरेटर म्हणून आमच्या ह्यांना लोक जाता-येता थांबवून बोलू लागले. मलाही आल्या दिवशीच 'टाकीवाली' हे नाव चिकटलं.

टाकीच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं क्वार्टर. तिथे मी, हे आणि सासूबाई. हे काही मुके नव्हते, पण घरात शिरताना जीभ बहुधा चपलांशेजारी काढून ठेवत. "पाणी सोडलं", "जेवायला वाढ", "झोपतो". संपलं.

वर्षातून दोनदा टाकी रिकामी करून धुवायची. हे आणि फिटर शिडीने आत उतरत आणि खराट्यांनी तळ घासत. आमच्या घराची नळी मुख्य व्हॉल्व्हच्या आधीच निघालेली, म्हणजे तो बंद असला तरी थेट टाकीशी जोडलेली. पहिल्या वर्षी, पाणी गेलं का सगळं, हे बघायला मी स्वयंपाकघरातला नळ सोडला, तर नळातून गाणं आलं. भसाडं, सुराशी भांडण मांडलेलं, पण अगदी मनापासून. माझा नवरा गात होता! हंडा धरावा तसा मी नळाखाली कान धरला.

"सूनबाई, नळाशी कसल्या गुजगोष्टी?" सासूबाई मागेच उभ्या.

मी सरकले. त्यांनी कान लावला. "अगं बाई, हा तर आपलाच! लहानपणीसुद्धा असाच रेकायचा."

तेव्हापासून टाकी धुवायची म्हटली की आम्ही दोघी लवकर स्वयंपाक उरकून नळापाशी बसायचो.

अशाच एका दिवशी नळातून फिटरचा आवाज आला. "मग, मोठ्या नदीवरच्या योजनेत नोकरीची जागा चालून आलीय, ती हातची सोडतोस की काय?"

"जायचं फार मनात आहे रे," हे म्हणाले. "तिथे पाणी नदीतून उचलायचं, गाळायचं, कितीतरी शिकायला मिळेल. इथे काय, भरा आणि सोडा. महिनाअखेर कळवायचंय. पण आईचा जन्म या गावात गेला. मी विचारलं तर ती नाही म्हणायची नाही, आणि तिकडे जाऊन झुरत बसेल. नकोच ते."

पुढे नुसता खराट्याचा आवाज.

सासूबाईंनी नळ घट्ट बंद केला. "मी कुठे झुरतेय?"

"मग सांगा ना त्यांना."

"खुळी आहेस. मी जाऊ या म्हटलं तर आई मन मारतेय असं धरून बसेल. मलाच इथे कंटाळा आलाय असं त्याला वाटायला हवं. तू गप्प राहा आणि माझी करामत बघ."

ज्या बाईने जन्मात गावाला नाव ठेवलं नव्हतं, ती दुसऱ्या दिवसापासून कुरकुरायला लागली. "मेली ही टाकी! दिवसभर अंगणात हिची सावली. कपडे वाळत नाहीत. ओल्या कपड्यांनी माझी हाडं दुखतात. माणसाने उन्हातल्या गावी जाऊन राहावं." हे मान खाली घालून जेवायचे. माझा जीव टांगणीला. मी तोवर नदी कधी पाहिलीच नव्हती. मनातल्या मनात मी भांडीसुद्धा बांधून ठेवली होती.

महिना संपत आला तसे एका सकाळी हे काही न सांगता बाहेर पडले. सासूबाईंनी मला डोळा मारला. दुपारी हे परतले ते खांद्यावर दोन लोखंडी खांब घेऊन. घामाने निथळत त्यांनी क्वार्टरच्या पलीकडे, सावली पोचत नाही अशा जागी, खड्डे खणले, खांब रोवले, तार ताणली.

"घे आई. आता दिवसभर ऊन."

सासूबाईंनी तार ओढून बघितली. "गुणाचं माझं लेकरू," म्हणाल्या. आत येऊन माझ्या कानाशी पुटपुटल्या, "करायला गेले गणपती आणि झाला मारुती."

ती जागा दुसऱ्याला मिळाली. त्याबद्दल आम्ही तिघांनीही कधी चकार शब्द काढला नाही. पुढे सासूबाई गेल्या.

मग नवी योजना आली. पंप शेवटचा बंद करून हे संध्याकाळी पायरीवर येऊन बसले. आपणहून म्हणाले, "मला एकदा मोठ्या नदीवर बोलावलं होतं. तुला कधी सांगितलं नाही."

"हो का?" मी शेजारी बसले. "घर देणार होते?"

"तीन खोल्या. अगदी नदीला लागून."

"तीन! मग आईंची खाट कुठे टाकली असती?"

"मधल्या खोलीत."

"मधल्या खोलीत काय, अंधारात? खिडकीपाशी टाकायची. त्यांना नदी दिसायला नको?"

"अगं, खिडकीपाशी ओल येते. तिच्या हाडांचं काय?"

"येऊ दे ओल. पांघरूण देईन मी."

"तू देशील गं, पण ती घेईल का?"

त्या संध्याकाळी हे जेवढं बोलले तेवढं उभ्या संसारात बोलले नव्हते. जेवण गार झालं, पण खाटेचं काही ठरलं नाही. नंतरही कधी कधी मी मुद्दाम "खिडकीपाशी" म्हणायचे आणि हे पेपरातून डोकं न काढता "मधली खोली" म्हणायचे. शेवटच्या आजारपणात ह्यांचा आवाज गेला, तरी मान हलवून नाही म्हणायचे.

आता भांडायला कुणी नाही. आणि अलीकडे मला वाटायला लागलंय की नदी एवढी जवळ म्हटल्यावर ओल आलीच असती. खाट मधल्या खोलीतच बरी होती. तेवढं ह्यांना सांगायचं राहिलं.