बंद केलेली बोली

मी स्विच बोलतोय. दिवा लावायचा तो नव्हे. वातुलेवू बेटावरच्या इस्पितळात औषधांच्या खोलीला लागून कपाटाएवढी एक खोली आहे. तिथल्या करड्या डब्यातलं सॉफ्टवेअर म्हणजे मी. इस्पितळातल्या सगळ्या तारा माझ्याकडे येतात. एका तारेतून आलेलं माहितीचं पाकीट कुठल्या तारेत सोडायचं, एवढंच माझं काम. तेही मी माझ्या मनाने करत नाही. नियम मला दुसरं कुणीतरी सांगतं. त्याला नियंत्रक म्हणतात.

नियंत्रकाने माझ्याशी कसं बोलायचं याची एक ठरलेली पद्धत आहे, प्रोटोकॉल. ती वर्षागणिक सुधारत गेली, तशा तिच्या आवृत्त्या झाल्या. पहिलीत मोजके शब्द, चौथीत भरपूर. मला घडवणारी माणसं निरनिराळ्या देशांत बसलेली होती आणि यावरून त्यांच्यात चांगलंच वाजलं होतं. एकजण म्हणाला, पहिली काढून टाका, निम्मी कटकट जाईल. दुसरी म्हणाली, आणि जिथे अजून पहिलीच चालते तिथल्यांनी काय करायचं? शेवटी दोन्ही राहिल्या. मी नियम साठवतो माझ्या स्वतःच्या रीतीने आणि समोरचा जी आवृत्ती बोलेल तिच्यात उत्तर देतो.

नियंत्रक भेटला की आधी नमस्कार होतो. त्यातच प्रत्येकाने सांगायचं, मला अमुक आवृत्त्या येतात. दोघांना येणारी सगळ्यांत नवी घ्यायची आणि कामाला लागायचं. एकही जुळली नाही तर "आपली बोली एक नाही" एवढं सांगून दार लावून घ्यायचं.

बेटावर मला इनोकेने आणलं. बोटीतून उतरवताना त्याने डबा मांडीवर धरला होता, इतरांच्या दालोच्या कंदांच्या पोत्यांवर ठेवू दिला नाही. इस्पितळाचा तंत्रज्ञ म्हणजे तो एकटाच. पंखा तोच दुरुस्त करायचा, जनरेटरही तोच. माझ्यासाठी नियंत्रक त्याने स्वतः लिहिला, पहिल्या आवृत्तीत, कारण त्याला तेवढीच येत होती. माझ्या शेजारच्या जुन्या संगणकावर तो चालायचा.

इनोकेचे नियम साधे होते. इस्पितळाच्या दोन इमारती. समुद्राच्या बाजूला बाळंतिणी आणि अपुऱ्या दिवसांची बाळं, अंगणापलीकडे मोठा वॉर्ड आणि तिथेच सिस्टरचं टेबल. बाळाला लावलेल्या यंत्राचे आकडे सिस्टरच्या पडद्यावर जायला हवेत. यंत्रं एका खोलीतून दुसरीत हलवली जात, म्हणून त्याने प्रत्येक नियमाला अर्ध्या तासाचं आयुष्य दिलं होतं. त्याचा नियंत्रक दर वीस मिनिटांनी येऊन ते नव्याने सांगून जायचा. अकरा वर्षं तो कधी चुकला नाही.

मग राजधानी सुव्याहून नाझमीन ही तरुण तंत्रज्ञ आली. इथल्या रोग्यांना तिथले डॉक्टर पडद्यावर तपासणार होते आणि त्यासाठी इनोकेच्या नियंत्रकाच्या जोडीला आणलेला नवा नियंत्रक फक्त चौथी आवृत्ती बोलायचा. तरतरीत मुलगी, बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. पहिल्याच दिवशी कपाटात डोकावून म्हणाली, "अंकल, हे अजून पहिल्या आवृत्तीवर चालतंय? माझ्या जन्माच्या वेळचं असेल!"

"तुझ्या जन्माच्या वेळचा मीसुद्धा आहे," इनोके म्हणाला. "मला काढून टाकतेस का?"

दोघेही हसले. पण पुढच्याच आठवड्यात कुरबूर झाली. इनोकेच्या नियंत्रकाने मला विचारलं, तुझ्याकडचे सगळे नियम सांग. नाझमीनच्या नियमांतल्या बऱ्याच गोष्टींना पहिल्या आवृत्तीत शब्दच नाहीत. मी जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, बाकी गाळलं. इनोकेला पडद्यावर अर्धेमुर्धे नियम दिसले. त्याला वाटलं, कचरा साचलाय. तो पुसायला निघाला.

"हात लावू नका!" नाझमीन ओरडली. "तिकडे डॉक्टर पेशंटशी बोलतायत!"

"मग असं अर्धवट लिहितेस कशाला?"

"मी पूर्ण लिहिलंय. तुमच्या चष्म्यातून अर्धं दिसतंय!"

चूक दोघांचीही नव्हती. दोघांची बातमी एकमेकांना पोचवणारा मीच अपुरा पडलो होतो.

महिन्याभरात सुव्याच्या कचेरीतून पत्र आलं, जुन्या आवृत्त्या सुरक्षित नाहीत, बंद करा. त्याच आठवड्यात इनोकेची बहीण वारली आणि तो बोटीने तिच्या बेटावर गेला. तिथे फोन लागत नाही. नाझमीनने तीनदा लावून पाहिला. तिची परतीची बोट मंगळवारी दुपारी बाराची होती.

मंगळवारी सकाळी ती माझ्यासमोर बसली. इनोकेच्या नियंत्रकाकडे पाहिलं. पाच मिनिटांत मोजून चार निरोप. "हे तर झोपलेलंच आहे," ती स्वतःशी म्हणाली. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने माझ्या यादीतून पहिली आवृत्ती काढून टाकली.

ती निष्काळजी नव्हती, हे मला सांगायलाच हवं. ती उठून वॉर्डात गेली, सिस्टर कुइनीच्या पडद्यावर आकडे हलतायत ना हे बघून आली. हलत होते. दहा मिनिटं थांबून तिने पुन्हा पाहिलं. सगळं ठीक. मग तिने पिशवी उचलली आणि धक्क्याकडे निघून गेली.

आकडे हलत होते, कारण आधीचे नियम अजून जिवंत होते. ते अकरा वाजून दोन मिनिटांनी सांगितलेले होते. म्हणजे अकरा बत्तीसपर्यंत.

इनोकेचा नियंत्रक माझ्या दाराशी आला. नमस्कार, मला पहिली आवृत्ती येते. मला ती येत होती, शब्द न् शब्द येत होती, पण बोलायची बंदी होती. मी म्हणालो, आपली बोली एक नाही. दार लावलं आणि नोंदवहीत एक ओळ लिहिली. आठ सेकंदांनी तो पुन्हा आला. मी पुन्हा तेच म्हणालो, पुन्हा ओळ लिहिली. मला ओरडता येत नाही. ओळ लिहिता येते, आणि ती कुणीतरी वाचावी लागते.

अकरा बत्तीसला पहिला नियम मेला. पाठोपाठ बाकीचे. नियम नसलेलं पाकीट मी पुढे सोडायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. बाळाच्या खोलीतून पाकिटं येत राहिली आणि मी ती टाकत राहिलो.

त्या खोलीत वासितीचं बाळ होतं, सात आठवडे आधी आलेलं. अशी बाळं मधूनच श्वास घ्यायचं विसरतात. पाकिटात काय लिहिलंय ते मी वाचत नाही. पण एरवी ती दर पाच सेकंदांनी येतात आणि धोक्याची घंटा झाली की दर सेकंदाला, एवढं मला ठाऊक होतं.

अकरा एकोणचाळीसला ती दर सेकंदाला येऊ लागली.

एक. टाकलं. दुसरं. टाकलं. खोलीतल्या यंत्राचा आवाज बारीक करून ठेवलेला असायचा, बाळं दचकतात म्हणून. मोठी घंटा सिस्टरच्या टेबलावर वाजायची. वाजली असती. माझ्या एका बाजूला इनोकेचा नियंत्रक नमस्कार करत उभा, त्याच्या हातात नेमका हवा तो नियम. दुसऱ्या बाजूला ही पाकिटं. मधे मी. बारा टाकली. वीस टाकली.

पुढचं मला सिस्टर कुइनीच्या तोंडून कळलं. त्या दिवसापासून तिने ते माझ्यासमोर निदान दहा जणांना सांगितलंय. तिच्या पडद्यावर बाळाच्या प्राणवायूचा शेवटी पोचलेला आकडा तसाच राहिला होता, सत्त्याण्णव, छान आकडा. ती एकाच्या हाताला पट्टी बांधत होती. मान वर केली, सत्त्याण्णव. पट्टी बांधून झाली, सत्त्याण्णव. "वासितीचं पोर इतकं शहाण्यासारखं कधी वागतं?" ती म्हणाली आणि पट्टीचं भेंडोळं तसंच टाकून अंगणातून धावत सुटली.

वासिती अंघोळीला गेली होती. बाळ निळं पडलं होतं. कुइनीने त्याच्या तळपायाला टिचक्या मारल्या, पाठ चोळली, पुन्हा टिचक्या मारल्या. "श्वास घे रे राजा. घे म्हणते ना!" तिसऱ्यांदा टिचक्या मारल्यावर ते रडलं. इकडे माझ्याकडे येणारी पाकिटं पुन्हा पाच सेकंदांवर आली. वाचलं की गेलं, हे मला त्या वेळी कळलं नाही. यंत्राची घंटा कुणी हाताने बंद केली असती तरी असंच झालं असतं.

कुइनीने एका हाताने बाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. "नाझमीन, बोटीत चढू नकोस. तू काय करून गेलीस ते मला माहीत नाही. पण काहीतरी करून गेलीस."

नाझमीन कुणाच्या तरी ट्रकमागे बसून परत आली. माझी नोंदवही उघडली. एकच ओळ, शेकडो वेळा. ती पुटपुटत वाचत गेली, "आपली बोली एक नाही... आपली बोली एक नाही..." आणि मग तोंडावर हात ठेवून थांबली. पुढच्या मिनिटाला पहिली आवृत्ती पुन्हा चालू झाली. इनोकेचा नियंत्रक आठ सेकंदांच्या आत दारात होता. नमस्कार झाला. नियम आले. वॉर्डातून कुणीतरी ओरडलं, "हलले! आकडे हलले!"

नाझमीन जमिनीवर बसली होती. बाराची बोट तिच्याशिवाय गेली.

इनोके शुक्रवारी परतला. नाझमीनने काही लपवलं नाही, कपाटाच्या दारातच सगळं सांगितलं. तो शोकाची काळी बंडी घालून उभा होता, ऐकत होता.

"धक्क्यावरच कळलं मला," तो म्हणाला. "इथवर चालत येताना तुला काय काय बोलायचं ते जुळवत आलो. चांगलं झणझणीत जुळलं होतं."

"बोला ना अंकल."

"काय बोलू? तू विचारायला फोन केलास, मी नव्हतो. मग तू माझ्या नियमांचा कागद शोधला असशील. मिळाला?"

"नाही."

"नाहीच मिळणार. अकरा वर्षांत मी लिहिलाच नाही. सगळं इथे." त्याने कपाळावर बोट ठेवलं. "बहिणीऐवजी मीच गेलो असतो तर?"

नाझमीनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात मागून कुइनी आली, हातात उकडलेले कसाव्याचे कंद आणि मासे भरलेला डबा. "रडून झालं असेल तर दोघं खाऊन घ्या," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी ह्या खोक्यात काहीही बदलायचं असेल तर आधी मला सांगायचं. तुम्ही इथे बटणं दाबा, मी तिथे बाळापाशी उभी राहीन. तास लागो नाहीतर दोन."

तसंच झालं. पुढचे तीन महिने इनोके एकेक नियम का लिहिला ते सांगायचा आणि नाझमीन तो वहीत उतरवून चौथ्या आवृत्तीत लिहायची. दर नियमाला कुइनी पलीकडे उभी. यंत्राची तार मुद्दाम काढून आपल्या टेबलावरची घंटा अंगणातून ऐकू येते का ते बघायची आणि फोनवर सांगायची, "वाजली. पुढचा." चौतीस नियम होते. एका मोडक्या पडद्यासाठीचा नियम इनोके स्वतःच विसरला होता. तो शोधण्यात दोन दिवस गेले.

वासितीचं बाळ आता चालतं. मागच्या महिन्यात ते या कपाटापाशी आलं होतं आणि माझ्या हिरव्या दिव्यांवर हात आपटत होतं.

मी आता म्हातारा झालोय. पुढच्या गुरुवारी नवा डबा येतोय, त्याला पहिली आवृत्ती येत नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मागणं एकच आहे. कुठलीही बोली बंद करायच्या आधी, ती अजून कोण बोलतं आणि का, हे खोलीखोलीत जाऊन विचारा. आणि बंद केल्यावर दहा मिनिटं थांबू नका. अर्धा तास थांबा. त्याहून थोडं जास्तच.

काल इनोके आला होता. निवृत्त झालाय, पण नाझमीनने त्याला मुद्दाम बोलावलं. म्हणाली, "तुमचा नियंत्रक तुम्हीच थांबवा अंकल, मला जमणार नाही." त्याने सगळे नियम एकदा पाहिले, खुर्ची पुढे ओढली आणि शेजारचा संगणक बंद केला. मग नाझमीनच्या खांद्यावर हात ठेवून तो बाहेर गेला.

समोरचा नियंत्रक गप्प झाला की मी ठरल्या वेळाने विचारतो, आहेस का? काल मी पहिल्या आवृत्तीत तीनदा विचारलं.

उत्तर आलं नाही. मग मी त्याचं नाव यादीतून काढलं.