आधी सांगायचं, मग बघायचं

गार अजून तळहातावरच होती — लिंबाएवढी, आत दुधट, कडेनं काचेसारखी — आणि ही विरघळेपर्यंत आपल्याला काही वाटायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावून ठेवलं होतं. पेट्रोलपंपाच्या छपराखाली दोन्ही गाड्या उभ्या होत्या. दादाची पुढची, चिखलानं माखलेली पण धडधाकट. तिची मागची, समोरची काच जाळीसारखी तडकलेली. भूगोलाचे सर आत बेसिनपाशी भुवईतलं रक्त धूत होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना वादळांचं वेड लागलं. तेव्हापासून तिच्या शेजारी बसून ते हवेच्या दाबाचे आकडे टिपत. काचेचा तुकडा बोटभर खाली लागला असता तर... तो विचार तिनं पुढं जाऊ दिला नाही.

वादळामागे जाण्याची त्यांची एक रीत होती, आणि ती दादानंच घालून दिली होती. पुढची गाडी वादळाच्या उघड्या, बिनपावसाच्या अंगाला राहते. तिला ढगातून जमिनीकडे उतरणारी वावटळीची सोंड दिसते. मागची पावसात शिरते. तिथं आकडे मिळतात, पण दिसत काहीच नाही. म्हणजे मागच्या गाडीचे डोळे पुढच्या गाडीत. सोंड वळली की वायरलेसवर आधी सांगायचं, मग बघायचं.

सहा वर्षं ती दादाच्या तोंडून आभाळ बघत आली होती... सहाच का? त्याच्याही आधी, लहानपणी गच्चीवर, वीज चमकली की तो तिच्या कानांवर हात ठेवायचा आणि मनातल्या मनात आकडे मोजून म्हणायचा, "आता!" — आणि खरोखर तेव्हाच गडगडायचं. गडगडाट त्याच्या परवानगीनं होतो असं तिला किती दिवस वाटत होतं. त्यानंच रचलेलं गाणंही होतं —

वीज आली बाई, उंबऱ्याशी थांबली,
धाकटीला बघून माघारी लांबली.

"धाकटे! अगं ये ना, बघ तरी काय सापडलंय!"

दादानं बॉनेटवर लॅपटॉप उघडला होता. शेजारी त्याच्या गाडीतला फोटोग्राफर, पंपावरचे दोघंतिघं.

"ती गार काय फ्रेम करून लावणार आहेस का?" दादा हसत म्हणाला. "टाक ती. ये."

ती गेली. पडद्यावर दादानं टिपलेली सोंड उतरत होती — जात्यातून पीठ सांडावं तशी आधी भुरभुर, मग एकदम भरीव, जांभळी. सुंदर होती, हे तिला नाकारता येईना. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ पळत होती. चार वाजून बारा. मग सोंड किंचित कलली, आणि वाऱ्याच्या आवाजाखालून दादाचाच आवाज आला, आनंदानं फाटलेला —

"वळली रे वळली! उजवीकडे!"

मग फोटोग्राफरचा. "ताईंना सांग ना. त्या तिकडेच आहेत."

"सांगतो, सांगतो... थांब जरा. आत्ता कॅमेऱ्यावरचा हात हलला तर सगळं जाईल. एवढं होऊ दे."

एवढं. सव्वाचारला त्यांच्या गाडीवर गारा कोसळल्या होत्या. सव्वाचार तिला नक्की ठाऊक होतं, कारण सरांनी आकडा लिहिला होता आणि वेळेपुढं रक्ताचा थेंब पडला होता. आणि इथं पोचल्या पोचल्या दादा तिला जवळ घेऊन म्हणाला होता, "अगं, घसा फोडून ओरडत होतो, वायरलेसच बंद पडला मेला."

फोटोग्राफर तिच्याकडे बघून एकदम बूट न्याहाळू लागला. दादाच्या मात्र लक्षातही आलं नाही. तो चित्र बघत होता. आवाज त्याच्या कानी पोचतच नव्हता. त्यानं दडवलं असतं, घाईनं बंद केलं असतं, तर निदान... निदान काय? चोराला चोरीची आठवण तरी आहे, एवढं समाधान?

सर कपाळाला रुमाल दाबत बाहेर आले. "काय मग, आमच्या रक्ताचं चीज झालं का?"

"झालं सर! असलं पुन्हा मिळायचं नाही." दादानं तिच्या खांद्यावर हात टाकला. "उद्या पूर्वेला आणखी एक तयार होतंय. मागची गाडी तूच घे हं धाकटे. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

भरवसा. तिला हसू आलं, आणि तिनं वितळत्या गारेवर मूठ मिटली. बोलावं? एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की गच्चीवरचे हातही कानांवरून निघतील, मागं जाऊन, एकेक करून...

"बघू," ती म्हणाली.

"बघू काय बघू! आलीस तू."

परतीला तो पुढं निघाला. सर सीटला टेकून डोळे मिटून बसले. वळणापाशी झाडांमुळे गाडीतून पुढचं आभाळ दिसेना, तेव्हा वायरलेस खरखरला. "पुढं एकदम मोकळं आहे. ये बिनघोर."

या शब्दांवर तिचा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर पडायचा. आज पडला नाही. तिनं गाडी कडेला घेतली, दार उघडून ती ओल्या रस्त्यावर उतरली आणि तिनं वर बघितलं. आभाळ खरंच मोकळं होतं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धुतलेलं. तो खरं बोलला होता. ती तरीही बघतच राहिली... एवढं मोठं आभाळ, आणि आता ते सगळं एकटीनंच बघायचं.