एदिवाल्दोची शेगडी

संघाला महिनाभर गोल सापडत नव्हता. त्यामुळे प्रशिक्षक म्हणाले, "जुरांदीर, तुमच्या ब्राझीलचा एकजण येतोय, विमानतळावरून घेऊन ये," तेव्हा जुरांदीरला वाटलं, आघाडीचा खेळाडू असणार. त्याला बरंच वाटलं. कझाकस्तानातल्या या गोठवणाऱ्या गावात बचावफळी सांभाळता सांभाळता त्याची दहा वर्षं गेली होती आणि गुडघा आता रोज सकाळी कुरकुरायचा. पुढे कुणी गोल मारले तर मागे आपली अब्रू झाकली जाईल, असा त्याचा हिशोब.

गाडीत बसल्यावर त्याने नव्या पोराला विचारलं, "कावान, कुठून खेळतोस? कडेने की मधून?"

"मधून, पण बचावात. डाव्या पायाचा आहे मी, भाऊ, तुझ्यासारखाच."

जुरांदीरने गाडी सुरू केली. मैदानात परदेशी खेळाडू किती उतरवायचे याला इथे मर्यादा होती आणि क्लबने ती कधीच गाठलेली. एक आला म्हणजे एक जाणार. तोंडावर सांगायची हिंमत नसली की माणसं काम सांगतात. प्रशिक्षकांनी गाडीची किल्ली दिली होती.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी मांस भाजून घालायचं, ही इथल्या ब्राझीलवाल्यांची रीत. जुरांदीरच्या अंगणात अर्ध्या पिंपाची शेगडी होती. ती एदिवाल्दोने बनवलेली. जुरांदीर आला तेव्हा इथला बचावपटू तोच होता. त्यानेच जुरांदीरला विमानतळावरून आणलं, पोटभर खाऊ घातलं आणि आठवड्याभरात शेगडी मागे ठेवून तो गावी गेला. बायकोला आईजवळ राहायचं होतं म्हणे. जुरांदीर अजूनही सगळ्यांना सांगायचा, एदिवाल्दो कसा हसतखेळत गेला.

जुरांदीरची बायको रोसिलेने मांसाला जाडं मीठ चोळत होती. तिने हळूच विचारलं, "हा कुठे खेळतो?"

"माझ्या जागेवर."

"मग आपण कुठे जायचं?"

जुरांदीर निखारे सारखे करत राहिला. चौतिशीतल्या लंगड्या बचावपटूला कोण विचारतं? गावी जाऊन तरी करायचं काय? पुढच्याला अडवण्यापलीकडे त्याला आयुष्यात काही आलं नव्हतं, आणि आता तेही येईनासं झालं होतं.

कावान ताटली घेऊन शेगडीपाशी आला, पण खाईना. बराच वेळ घुटमळून म्हणाला, "भाऊ, खरं सांग. माझ्यामुळे तुझी जागा जाणार का?"

पोराचा चेहरा इतका पडला होता की जुरांदीरला त्याचा रागही धरता येईना.

"वेडा आहेस का तू? मी तसाही निघणारच होतो. रोसिलेनेला आईजवळ राहायचंय."

रोसिलेनेच्या हातातली सुरी थांबली. तिची आई जाऊन चार वर्षं झाली होती. "हो ना," ती म्हणाली, "आई एकटीच असते," आणि मान खाली घालून पुन्हा मांस कापायला लागली.

कावानचा जीव भांड्यात पडला. "मग शेगडी?" त्याने विचारलं.

"तुलाच राहू दे. मला तिकडे काय करायचीय?"

कावान आता चवीने खात होता, आणखी मागत होता. जुरांदीर वाढत राहिला. एदिवाल्दोच्या बायकोला आई होती की नव्हती, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.