नंतरचं डुक्कर

डोंगरापुढे सगळी माणसं सारखी असतात. आमच्या गिरिभ्रमण मंडळाच्या बॅनरवर हे वाक्य सोनेरी अक्षरांत छापलेलं आहे. हा बॅनर वयाने सर्वांत लहान असलेल्या सभासदाने उचलायचा, असा मंडळाचा शिरस्ता आहे.

तो लहान सभासद म्हणजे नो गी-थेक. छॉन्जू शहराच्या बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान आहे, दोन्ही मुली कॉलेजात आहेत आणि गुडघे कुरकुरतात. पण शनिवारी सकाळी बसपाशी आला की त्याचा पोऱ्या होतो. बॅनर त्याच्याकडे, तांदळाच्या दारूच्या बाटल्या त्याच्याकडे, वर गेल्यावर सोलायच्या काकड्याही त्याच्याकडे. "गी-थेक, बाटली!" असं कुणीतरी ओरडलं की कोरियाच्या कुठल्याही शिखरावर हा माणूस धावत सुटतो.

मी फर्गस टियर्नी, मूळचा आयर्लंडचा, इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. मंडळात येऊन मला वर्ष होत आलं होतं आणि वर्षभरात कुणी मला एक काकडी उचलू दिली नव्हती. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा माझी. डोंगरावर सगळ्यांत सपाट दगड माझा. पहिला पेला माझा, तोही मानाने दोन्ही हातांनी भरलेला.

"आणा, एखादी पिशवी घेतो," असं मी म्हटलं की सेक्रेटरी प्यो मालसुनबाई अक्षरशः अंगावर यायच्या. "छे छे, प्रोफेसरसाहेब! लोक आम्हाला काय म्हणतील? तुम्ही बसा बघू."

मग मी बसायचो. कोरियात चौदा वर्षं काढली ती अशी बसूनच. 'नमस्कार' म्हटलं तरी "अय्या, किती छान बोलता!" म्हणून टाळ्या पडतात. चॉपस्टिकने भात खाल्ला तर हॉटेलची मालकीण आतून बहिणीला बोलावून आणते. पाहुण्याचे लाड गोडच असतात, पण पाहुण्याला कधीतरी घरी जावं लागतं, आणि मला जायचं नव्हतं. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं की या खेपेला पिशवी मिळाली नाही तर मंडळ सोडायचं. सोडून जायचं कुठे, हा प्रश्न नव्हता. आमच्या कॉलेजातले बाकीचे परदेशी मास्तर दर शनिवारी एका बारमध्ये जमतात आणि बरं चीज कुठे मिळतं यावर बोलतात. तिथे माझ्यासाठी खुर्ची होती.

ऑक्टोबरात सोंग्नी डोंगर ठरला. माथ्यावर पोचलो, ताडपत्री पसरली, उकडलेली अंडी निघाली. मी हळूच काकडीकडे हात नेला. गी-थेकने ती लहान मुलाच्या हातून सुरी काढून घ्यावी तशी काढून घेतली.

संपलं, मी मनात म्हटलं. चीज तर चीज.

तेवढ्यात आमचे अध्यक्ष बान छांग-शिक माझ्याकडे वळले. यांचं हार्डवेअरचं दुकान आता मुलगा बघतो. दोन पेल्यांनंतर त्यांना धीर आला होता. "प्रोफेसरसाहेब, राग मानू नका, पण या वयात तुम्ही आमच्या आधी वर पोचता. प्राणी कोणता तुमचा?"

इथे दर वर्षाला एक प्राणी असतो. बारा झाले की पुन्हा पहिला. ज्याला थेट वय विचारणं बरं दिसत नाही, त्याला जन्मवर्षाचा प्राणी विचारतात.

"डुक्कर," मी म्हणालो.

ताडपत्रीवर आनंदीआनंद झाला. अध्यक्षही डुक्करच होते, एकोणसाठ साली जन्मलेले. "म्हणजे आपण एका वयाचे की!" म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"हात आवरा," प्योबाई म्हणाल्या. "पांढरी दाढी बघा त्यांची. आधीचं डुक्कर असणार. सत्तेचाळीसचं."

अध्यक्षांनी पाय आवरून घेतले आणि ते चटकन गुडघ्यांवर बसले. "चुकलं, दादा!"

"अहो, नाही," मी म्हणालो. "नंतरचं. एकाहत्तरचं."

कुणाचं तरी अंडं उतारावरून गडगडत गेलं आणि ते अडवायला कुणी उठलं नाही.

"मग हे केस?" प्योबाईंनी विचारलं.

"आमच्या घरात तिशीतच पिकतात. वडिलांचेही तसेच होते."

"आणि वर्षभर तोंडातून चकार शब्द नाही?"

"कुणी विचारलंच नाही."

"वडीलधाऱ्यांना वय विचारतात होय?"

"मला वाटलं, मी परदेशी म्हणून तुम्ही..."

"परदेशी?" अध्यक्ष खरोखरच बुचकळ्यात पडले. "असशील बाबा परदेशी. त्याचा दारू ओतण्याशी काय संबंध?"

चौदा वर्षं मी ज्याला कुंपण समजत होतो, ती माझी दाढी निघाली.

गी-थेक सावकाश उभा राहिला. "एकाहत्तर," तो स्वतःशीच पुटपुटला. "मी एकोणसत्तर." मग त्याने पाठीवरची सॅक उतरवली, माझ्यापुढे ठेवली आणि माझ्या सपाट दगडावर जाऊन बसला. सूर्याकडे तोंड करून त्याने पाय लांब केले.

"अरे फर्गस," तो म्हणाला, "काकड्या काप. पातळ नकोत."

मी काकड्या कापल्या. "ही काय साल काढलीय की अर्धी काकडी?" प्योबाई म्हणाल्या. "आईने काही शिकवलं की नाही?" मी दोन्ही हातांनी पेले भरले, पैकी एक अध्यक्षांच्या मांडीवर. "वर्षभर आमच्या हातचं प्यायलास, लबाड!" ते म्हणाले. "भर आता!"

परतताना मला शेवटची सीट मिळाली, कचऱ्याच्या पिशवीशेजारी. सगळ्यांत आधी गाणंही मलाच म्हणावं लागलं. एका कडव्यानंतर गी-थेक पुढून ओरडला, "बस कर, कान दुखले! इतकी वर्षं राहून हे असलं कोरियन?"

चौदा वर्षांत हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी दुसरं कडवंही म्हटलं.

सोमवारी चीजवाल्यांना कळवून टाकलं की शनिवारी माझी वाट बघू नका. काकडी सालीचा एक अखंड पट्टा काढून सोलायची, असं इथे शिकवतात. तेही मी आठवडाभर घरी गिरवलं.

पुढच्या सहलीला मंडळात एक दंतवैद्य नवा दाखल झाला. तो त्र्याहत्तर सालचा निघाला.