रिक्षा सिनेमाची हिरवी फाईल

थांबा, आधी मला बोलू द्या! मी फाईल बोलतेय. होय, फाईलच. जाड पुठ्ठ्याची, गडद हिरवी, कडांना लाल कापडी पट्टी आणि पोटावर पांढरी नाडी. फाईल म्हटलं की लोकांना जांभई येते, ठाऊक आहे मला. पण माझी हकिकत ऐका आणि मग द्या जांभई.

माझा जन्म कल्याणचा, बाजाराच्या मागे एका छोट्या कारखान्यात. तिथून गठ्ठ्याने डोंबिवलीच्या एका स्टेशनरी दुकानात आले. माझ्या बहिणी एकेक करून गेल्या. कोणी दवाखान्याचे रिपोर्ट सांभाळायला, कोणी सोसायटीच्या कपाटात. मी मात्र सहा महिने तिथेच. वरच्या फळीवर प्लॅस्टिकच्या फाईली होत्या, त्या मला बघून नाक मुरडायच्या. मुरडा म्हटलं, खाली पडलात की तुमच्या क्लिपा तुटतात, माझी नाडी नाही तुटत.

एका सकाळी खाकी शर्ट घातलेली एक बाई दुकानात आली. बाहेर तिची रिक्षा उभी होती.

"दादा, टणक बघून द्या. खूप फिरायचंय हिला."

ही शीला. डोंबिवली पूर्वेला रिक्षा चालवते. तिने तिथेच काउंटरवर मार्कर मागून माझ्या कपाळावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रिक्षा सिनेमा - परवानग्या'. दुकानदाराने ते दोनदा वाचलं. मी तर हरखूनच गेले! माझ्या सगळ्या खानदानात सिनेमात कोणी गेलं नव्हतं.

मग घरी गेल्यावर मला खरं कारण कळलं. शीलाची आई आवडाबाई. त्रेचाळीस वर्षांपूर्वी कल्याणच्या एका थिएटरात ती नवऱ्याबरोबर एक मराठी विनोदी सिनेमा बघायला गेली होती. नववा महिना होता. इंटरवल झाला आणि कळा सुरू झाल्या. पहाटे शीला जन्मली आणि सिनेमा अर्धाच राहिला. पुढे तो टीव्हीवर कितीदा लागला, पण म्हातारी हटून बसली. "मोठ्या पडद्यावर सोडलाय, मोठ्या पडद्यावरच पुरा करीन." आता दोन वर्षांपूर्वी ती पडली, पायात सळई बसली, गुडघा वाकेना. थिएटरच्या खुर्चीत पाय लांब करायला जागा कुठे असते? तिला बसता येतं ते एकाच ठिकाणी, शीलाच्या रिक्षाच्या मागच्या सीटवर. उजव्या बाजूच्या दांडीला पाठ टेकायची, पाय सीटवर आडवा सोडायचा आणि डावीकडच्या उघड्या बाजूने जग बघायचं.

"मग पडदाच डावीकडे लावू," शीला म्हणाली. "माझ्यामुळे राहिलाय ना तिचा? मीच दाखवणार."

आणि एकटीच्या रिक्षासाठी कोण मैदान देणार, म्हणून तिने अख्ख्या रिक्षा स्टँडला निमंत्रण दिलं. चाळीस रिक्षा, सगळे घरच्यांना घेऊन येणार, सगळ्या रिक्षा पडद्याला डावी बाजू करून आडव्या लागणार.

झाली माझी भ्रमंती सुरू! पिशवीत गुंडाळून ड्रायव्हरच्या सीटखाली माझा मुक्काम. आधी मैदानाच्या मालकाचं संमतीपत्र. मग सिनेमाचे हक्क असलेल्यांचं पत्र, ते पुरा महिनाभर आलं नाही आणि आलं तेव्हा शीलाने रिक्षातच शिट्टी मारली. आवाजाची परवानगी, रात्री दहाच्या आत सगळं बंद. वाहतुकीची परवानगी. एका कामासाठी ठाण्यालाही जाऊन आले. प्रत्येक शिक्क्याबरोबर मी जाड होत होते आणि खरं सांगते, मला ते फार आवडत होतं. कोणतीही फाईल रोडावलेली शोभत नाही.

एका कचेरीत मात्र गाडी अडली. तिथले साहेब अर्ज उलटसुलट करत म्हणाले, "अहो बाई, रिक्षा सिनेमा असं काही आमच्या यादीत नाहीच. लग्न आहे, सभा आहे, सर्कस आहे."

"मग सर्कसवर टिक करा साहेब. आमच्या स्टँडवर याल तर पटेल तुम्हाला."

साहेब हसले आणि 'इतर' असं लिहून त्यांनी अर्ज घेतला. माणसांची ही एक सवय मी पाहिली आहे, हसल्यावर त्यांचं पेन हलकं चालतं.

सगळ्यात कठीण पेपर होता अग्निशमन विभागाचा. तिथे संचिता मॅडम. नकाशा कुठे आहे, त्यांनी विचारलं. शीलाबरोबर साईनाथकाका आले होते. स्टँडवर नंबर लावायचं काम तेच बघतात, कोण पहिला, कोण दुसरा, सगळं त्यांच्या तोंडपाठ. काकांनी खिशातून भराभर काडेपेट्या काढल्या आणि टेबलावर ओळीत मांडल्या. "ह्या समजा रिक्षा."

मॅडमनी त्या ओळीकडे बघितलं. "आगीची परवानगी मागायला काडेपेट्या घेऊन आलात?"

मला पुठ्ठ्याच्या आत घुसावंसं वाटलं! पण मॅडमनी त्याच काडेपेट्या बोटाने सरकवून मधोमध वाट केली. "सहा मीटर. फाटकापासून पडद्यापर्यंत. बंब यायची वाट ही. इथे एक सायकलसुद्धा नको. मापात नकाशा काढून आणा. आणि सही मी कार्यक्रमाच्या दिवशी मैदानात येऊन करणार, सहा वाजता. वाट मोकळी दिसली तर सिनेमा. नाही दिसली तर नाही."

म्हणून शनिवारी मी मैदानात गेले तेव्हा माझ्या पोटात सगळे कागद पूर्ण होते आणि एका कागदाखाली सहीची जागा कोरी होती.

पाच वाजता आमची रिक्षा सगळ्यांत आधी पोचली. मोठा पांढरा पडदा वाऱ्याने फुगत होता. फक्कीने आखलेल्या दोन लांबलचक रेघा मैदानाच्या मधून गेल्या होत्या. शीलाने सामान उतरवायला रिक्षा थेट पडद्यापर्यंत नेली, त्या रेघांमध्येच लावली आणि वायरमनला गाठायला पडद्यामागे गेली. दोनच मिनिटांचं काम होतं, पण लांबलं. मी मागच्या सीटवर आवडाबाईशेजारी.

मागून रिक्षांची घरघर आली. पहिली आत शिरली, तिने आमची रिक्षा बघितली, आणि येऊन नीट आमच्या मागे उभी राहिली. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे तिसरी. जन्मभराची सवय हो! दोन पांढऱ्या रेघा आणि पुढे उभी एक रिक्षा दिसली, की रिक्षावाल्याला दुसरं काही सुचतच नाही.

आवडाबाई वळून बघत खूश. "अगो बाई, सगळे माझ्या मागे!"

शीला बाहेर आली तेव्हा फाटकापर्यंत रांग लागली होती. साईनाथकाका कमरेवर हात ठेवून, छाती काढून उभे. "बघ शीला, काय शिस्त आहे! एक पण मध्ये घुसला नाही."

"काका, ही बंबाची वाट आहे!"

"अरे देवा. मग आग लागली की सरकवू ना."

"काका! मॅडम येतायत सहाला. आपल्या सिनेमाची आग लागेल!"

साडेपाच झाले होते. शीला रांगेच्या कडेने पळत सांगत सुटली, बाहेर काढा, आडव्या लावा. कोणी हलेना. स्टँडचा नियम असा, की रांग सोडली की नंबर गेला आणि शेवटी जाऊन उभं राहायचं. "मी तिसरा आहे, मी का सोडू? आधी दुसऱ्याला सांग." दुसरा म्हणे, "पहिली रिक्षा तुझीच आहे ना? ती कुठे हललीय?"

शीला थांबली. मग सरळ आमच्याकडे आली, रिक्षा चालू केली आणि रांगेतून बाहेर काढून मागे मोकळ्या जागेत नेऊन लावली.

"अगं, नंबर गेला आपला," आवडाबाई म्हणाली.

"जाऊ दे आई." आणि ती तिथूनच ओरडली, "काका, माझा नंबर गेला! आता दुसऱ्याला बोलवा!"

बस, काकांना एवढंच हवं होतं. त्यांचा आवाज मैदानभर घुमला. "दोन नंबर, बाहेर! तीन नंबर, चल!" नंबराने बोलावल्यावर एकही रिक्षावाला अडला नाही. शीला पुढे पळत प्रत्येकाला जागा दाखवत होती. "डावी बाजू पडद्याला! अजून घे, अजून घे, बस!" मी नाडी आवळून बघत होते. निम्म्या रिक्षा लागल्या तेव्हा फाटकात संचिता मॅडम दिसल्या, हातात टेप. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या.

सहाला दोन मिनिटं कमी असताना रांगेतली शेवटची रिक्षा आडवी झाली. मॅडम टेप धरून ती वाट पूर्ण चालल्या. एका ठिकाणी एक चाक वीतभर आत होतं, तर चौघांनी रिक्षा उचलूनच बाजूला ठेवली! मग त्यांनी मला मागितलं. पेन त्या कागदावर टेकलं आणि माझ्या अंगावर शहारा आला. झाली सही! चाळीस रिक्षांचे हॉर्न एकदम वाजले. मॅडम म्हणाल्या, "आवाजाच्या परवानगीत हे बसत नाही हं," पण हसत होत्या, म्हणजे बसलं.

आता उरली एकच जागा. सगळ्यांत मागची, कोपऱ्यातली. मैदानाला मागे चढ होता, तिथे आमची रिक्षा लागली. शीला मागे वळली. "आई, तुला पहिल्या नंबरात बसवायचं होतं गं."

साईनाथकाका पुढची जागा द्यायला धावत आले. म्हातारीने हात झटकला. "कशाला? जवळचं मला मेलं काही दिसत नाही. लांबचं बघ कसं लख्ख दिसतं!"

गुडघ्याखाली ठेवायची उशी मात्र घाईत घरी राहिली होती. पाय थरथरायला लागला. शीलाने इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं, नाडी घट्ट बांधली आणि अलगद आईच्या गुडघ्याखाली सरकवलं. त्या सगळ्या कागदांनी, त्या सगळ्या शिक्क्यांनी मला अगदी हवं तेवढं जाड केलं होतं. पाय थरथरायचा थांबला.

पडदा मला दिसला नाही. पण म्हातारी हसली की गुडघा हलायचा, त्यावरून मला सगळा सिनेमा कळत होता. मग इंटरवल झाला. गुडघा एकदम ताठ.

"इथपर्यंतच बघितलेला," ती हळूच म्हणाली.

"बस निवांत," शीला म्हणाली. "या वेळी नाही मी उठवत."

सिनेमा साडेनऊला संपला. लोक टाळ्या वाजवत होते. आवडाबाई डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलेलं, ती दोघं शेवटी भांडतात. त्रेचाळीस वर्षं मी तेच धरून बसलेली. आणि बघ, किती गोड झालं सगळं!"

आता मी शीलाच्या घरी टीव्हीशेजारी असते. कळव्याच्या स्टँडवाल्यांनाही असाच सिनेमा करायचा आहे, ते माझे कागद बघायला येणार आहेत. मला पुन्हा सीटखाली बसून फिरायला मिळणार, विचारानेच नाडी सैल होतेय! या हो लवकर, घेऊन जा मला. एकच विनंती. माझ्या मधोमध एक खोलगट खड्डा पडला आहे, गुडघ्याएवढा. कोणीतरी म्हणेल, यावर वजन ठेवा, सरळ होईल फाईल. ठेवू नका. मला सरळ व्हायचं नाही.