उन्हाच्या खोलीची रंगीत तालीम

नीला सोनावणेचा नवरा नाटकवेडा होता, आणि लग्नाआधी तिने ही गोष्ट हसण्यावारी नेली होती. खोपटच्या एस.टी. डेपोत कंडक्टर असलेला चांगदेव दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरायचा आणि दरवर्षी शेवटच्या अंकात मरायचा. मरायचा तोही सावकाश. पडल्यावर पुन्हा उठून बसायचा, आईला, मालकाला, जमलंच तर समाजालाही चार शब्द सुनावायचा आणि मगच मान टाकायचा. तोवर पडदा ओढणारा माणूस बाहेर जाऊन बिडी ओढून यायचा.

नीला डोंबिवलीच्या एका धर्मादाय रुग्णालयात कॅज्युअल्टीची सिस्टर. नाटकाचं वारं तिला कधी लागलं नाही, पण त्या मे महिन्यात तिलाच एक नट हवा होता.

त्याचं असं झालं. आदल्या उन्हाळ्यात स्लॅबच्या कामावरचा एक मजूर फणफणलेला आला. सगळ्यांनी धावपळ करून त्याला ब्लँकेटात गुंडाळलं, तापाची गोळी दिली आणि तो गेला. ऊन लागलेल्या माणसाला गार करायचं असतं, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं. पण खाडीकाठच्या दमट हवेत उष्माघात कुठला, असं म्हणत सगळे निवांत राहिलेले. नीलाला मात्र तो मजूर विसरता येईना. ऊन आता पूर्वीचं राहिलं नाही, असं ती येईल त्याला ऐकवू लागली. डॉक्टर लेल्यांचं डोकं खाऊन तिने शेजारची अडगळीची खोली रिकामी करून घेतली. तिथे रेक्झिनची खाट आली, दोन मोठे पंखे आले, ओल्या चादरींची बादली आणि बर्फाची पेटी आली. लग्नसराईमुळे बर्फ कुठे मिळेना, म्हणून बाजारातली मासेवाली भागीरथी आपल्यातला बर्फ देऊ लागली. खोलीचं नाव पडलं उन्हाची खोली.

विश्वस्त काळुराम शेठना मात्र तिथे दाताच्या डॉक्टरची खुर्ची हवी होती. "चालवून दाखवा. आवडलं तर ठेवू," असं त्यांनी सांगितलं. मग रंगीत तालीम ठरली, आणि पेशंट व्हायला चांगदेव एका पायावर तयार झाला. दुसऱ्याच दिवशी तो संवाद लिहून घेऊन आला.

"अहो, ऊन लागलेला माणूस बेशुद्ध असतो. तो बोलत नाही," नीला म्हणाली.

"मग पब्लिकला कळणार कसं, त्याच्या मनात काय चाललंय?"

"पब्लिक नाहीये ते, ट्रस्टी आहेत! एक शब्द बोलायचा नाही."

चांगदेवचं तोंड एवढंसं झालं. पण तो बोलणार याची नीलाला खात्री होती. संवाद गिळून बसणाऱ्यातला तो नव्हताच.

तालमीच्या दिवशी शेठ सकाळी येणार होते, ते आले जेवून, पान खाऊन. मग नीलाने खूण केली. रस्त्यापलीकडच्या अर्धवट इमारतीतून चांगदेव आला, डोक्यावर गोणपाट, पाय वेडेवाकडे. दारात एकदा भलतीकडेच पाहून काहीतरी पुटपुटला आणि कोसळला.

"व्वा!" डॉक्टर लेले म्हणाले. टाळ्या पडल्या.

नीला संवादाची वाट पाहत राहिली. आता उठून बसेल, आता आईला हाक मारेल. चांगदेव उठला नाही.

"काय मेहनत घेतलीय भाऊंनी!" वॉर्डबॉय रघु तिच्या कानाशी म्हणाला. "सकाळपासून वर स्लॅबवर बसलेले. बोलले, ओठ खरे सुकायला पायजेत. पाणीपण नाय घेतलं."

नीलाने वाकून कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं ठणठणीत होतं आणि तव्यासारखं भाजत होतं.

ती ओरडणारच होती. पण तेवढ्यात रघुने स्ट्रेचर सरकवलंही होतं, आयाबाई चादरी पिळत होती, पंखे सुरू झाले होते. सगळे हसत होते आणि सगळ्यांचे हात शिकवल्यासारखे चालत होते. गेल्या वर्षी हेच लोक घाबरून एकमेकांच्या अंगावर आदळले होते. नीलाने हाक घशातच दाबली.

"चालू ठेवा," ती म्हणाली.

थर्मामीटर तिने फक्त लेल्यांना दाखवला. त्यांचं हसू मावळलं. "सिस्टर, सलाइन नुसतं टांगायचं ठरलेलं, ते..." ते हळूच म्हणाले, "खरं लावा."

तिने सुई लावली. ओल्या चादरी अंगावर आल्या, बर्फ काखेत गेला. खोलीभर वास सुटला.

"हा बोंबलाचा वास कसा येतोय?" शेठनी रुमाल काढला.

"मावऱ्याचा बरफ हाय शेठ," दारातून भागीरथी म्हणाली, "त्याला काय अत्तराचा वास येनार?"

सगळे खो-खो हसले. नीलाही हसली. त्या भागीरथीला मिठी मारून रडावं असं तिला वाटत होतं.

"कमाल आहे हो तुमच्या मिस्टरांची," निघताना शेठ म्हणाले. "एवढा वेळ साधी पापणी हलवली नाही. खोली राहू द्या." वर्षभर ज्यासाठी ती भांडली ते मिळालं, आणि तिने आभारसुद्धा मानले नाहीत.

संध्याकाळी ताप उतरला. चांगदेवने डोळे उघडले, खोलीभर पाहिलं.

"गेले सगळे?"

"गेले."

"माझा संवाद राहिला गं."

तेव्हा नीलाला रडू फुटलं. तिने त्याला नाटकवेड्यापासून सुरुवात करून तोंडात येईल ते ऐकवलं, नाक पुसलं, आणि स्टूल ओढून बसली. "म्हणा आता," ती म्हणाली.

मग पंख्याखाली, ओल्या चादरीत, घोगऱ्या आवाजात त्याने संवाद म्हटला. आईला, मुकादमाला, समाजाला. मध्येच विसरला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. नीला त्याचं मनगट धरून बसली होती. संवाद संपला, त्याने दमून डोळे मिटले.

"पुन्हा म्हणा," नीला म्हणाली.