विजारीची दुमड

"दुमड उलट, डिगरी," ट्रेगियर मालक म्हणाला आणि त्यानं परात पायानंच पुढे सरकवली.

डिगरी होस्कननं झाडू भिंतीला टेकवला, खाली वाकून विजारीच्या दुमडी उलटल्या, झटकल्या. परातीत लाकडाचा भुसा पडला. दुसरं काय पडणार? तरी मालकानं तो खिडकीशी नेऊन निरखून पाहिलाच. मी गुत्त्याची स्वयंपाकीण, दारातून बघत होते. मीही काही कमी नव्हते. मला वाटायचं, बुटात असेल.

स्टोनी क्रीकमध्ये सोनं सापडलं आणि झुंबड उडाली, तेव्हा माणसं दारूच्या बदल्यात चिमूटभर सोन्याची भुकटीच द्यायची. ती सांडायची, गुत्त्याच्या जमिनीवर पसरलेल्या भुशात मिसळायची. सकाळी झाडलेला भुसा धुतला की मालकाचं सोनं मालकाला. म्हणून झाडणाऱ्यानं घरी जाताना विजार झटकायची, हा गावचा रिवाज. आता ओढ्यात बेडकांखेरीज काही उरलं नव्हतं. गाव ओस पडत चाललं होतं, संशय तेवढा जागच्या जागी होता.

त्यात होस्कनची बायको लव्हडे एका रविवारी चर्चमध्ये आली ती सोन्याची अंगठी घालून. इतकी वर्षं बोटात पितळेची होती. झालं! कोणी म्हणे, हा जमिनीच्या फळ्यांच्या फटी कोरतो. कोणी म्हणे, केसांत लपवून नेतो. ती सांगे, सासूबाई तिकडे इंग्लंडात, कॉर्नवॉलला वारल्या, त्यांची आली. मी तोंडावर हं हं केलं. मनात म्हटलं, मेलेली सासू बरी कामी आली.

दुसऱ्या दिवसापासून मालक त्याला बूट-मोजेही काढायला लावू लागला, तेही गिऱ्हाइकांसमोर. पत्ते खेळणारे हातातला डाव थांबवून बघायचे. पूर्वीच्या खाणकामाच्या धुळीनं होस्कनची छाती पार कामातून गेलेली. वाकला की खोकल्याची उबळ यायची, तरी तो एकेक मोजा उलटून दाखवायचा. शेवटी मलाच राहवलं नाही. म्हटलं, अरे, एकदा तरी सांग ना, मी चोर नाही म्हणून.

"सांगून काय, बाई?" तो मोजे चढवत म्हणाला. "परात बघूनही ज्याला पटत नाही, त्याला माझं काय पटणार?"

हिवाळा त्याला झेपला नाही. आम्ही सगळे त्याच्या घरी मातीला गेलो, मालकही काळी टोपी घालून आला. होस्कनला त्याच्या कामाच्याच विजारीत ठेवलं होतं, दुसरी नव्हतीच. पेटीला झाकण लावणार, तेवढ्यात लव्हडेनं हात आडवा केला. पाव झाकायचं पांढरं फडकं तिनं त्याच्या पायांखाली पसरलं, एकेक दुमड उलटली आणि झटकली. थोडा भुसा पडला.

"बघून घ्या, मालक," ती म्हणाली. "घरी चाललाय तो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकानं टोपी काढली, मान खाली घातली. पण डोळे फडक्यावरच. माझेही, खोटं कशाला बोलू?

लव्हडे उठली आणि आम्हाला नीट दिसावं म्हणून तिनं खिडकीचा पडदा बाजूला सारला.